आग्रा रोड आणि आपली अर्धी आठवण

मुंबईहून आग्र्याला जाणारा जुना रस्ता मालेगावातून जातो. गावात त्याला कुणी महामार्ग म्हणत नाही, आग्रा रोड म्हणतात. आम्हा मोमीन विणकरांच्या घराघरांतून या रस्त्याची एक हकीकत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. विलायती कापडाने उत्तरेतल्या हातमागाचे कंबरडे मोडले होते, त्यात १८५७ चा गदर झाला. गदरानंतर गोऱ्यांच्या सुडाला घाबरून बनारस, मऊ, मुबारकपूर, अलाहाबादकडची कुटुंबे घरदार सोडून दक्षिणेकडे निघाली. नर्मदा ओलांडली, सातपुडा ओलांडला आणि मोसम नदीच्या काठी येऊन त्यांनी पुन्हा माग मांडले. आमचे बुजुर्ग ही हकीकत सांगताना रस्त्यातली तहानभूक सांगत, वाटेत दफन केलेली मुले सांगत. ऐकताना आमचेही डोळे भरून येत.

या हकीकतीत एक जागा मात्र कायम रिकामी राहिली. सातपुडा ओलांडला म्हणजे सेंधव्याचा घाट ओलांडला. त्या घाटाची रखवाली कोण करत होते? ज्या वर्षांत आमची माणसे जीव वाचवून या रस्त्याने आली, त्याच वर्षांत या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत भिल्ल इंग्रजांशी लढत होते आणि मारले जात होते. आमच्या घरातल्या हकीकतीत त्यांचा एक शब्दही नाही. आला तर 'वाटेत लुटारूंचे भय होते' एवढाच उल्लेख येतो. हा 'लुटारू' शब्द आमच्या तोंडी कुणी घातला, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

सुरुवात मालेगावपासूनच करू. १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा झाला, त्याआधी मालेगाव खानदेशात होते. म्हणून मालेगावचा जुना इतिहास शोधायचा तर खानदेशचे दप्तर उघडावे लागते. आपल्याला सहज मिळणारे साधन म्हणजे इंग्रज सरकारने छापलेली गॅझेटियरे. खानदेशचे १८८० चे, नाशिकचे १८८३ चे. त्यांत मालेगावच्या १८१८ च्या वेढ्याची हकीकत आहे. पेशवाई बुडाली तरी नारोशंकराच्या भुईकोट किल्ल्यातल्या अरब शिबंदीने किल्ला सोडला नाही. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेला या साडेतीनशेच्या आसपास अरबांनी झुंजवले. मेअखेरीस तटाच्या खिंडारातून चढाई झाली ती फसली. पुढे नव्या तोफा आल्या, किल्ल्यातले दारूकोठार उडाले, तेव्हा कुठे अरब शरण आले. इंग्रजांची दोनशेहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली.

शरणागतीच्या वेळची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अरबांनी लेखी कौल मागितला. तो मराठीत लिहून दिला गेला आणि त्या कागदाचा अर्थ काय लावायचा यावर नंतर वाद झाला. शेवटी एल्फिन्स्टनने तो अरबांच्या बाजूने लावला आणि त्यांना सुरतेकडे रवाना केले. कागद हाती असल्याचा हा फायदा. अरब हे पगारी शिपाई होते, पराभवानंतर त्यांना परत जायला मुलूख होता. डोंगरातल्या भिल्लांपाशी असा कौल नव्हता, आणि त्यांना जायला दुसरा मुलूखही नव्हता. ते होते तोच त्यांचा मुलूख होता.

या वेढ्याबद्दल मालेगावात अधूनमधून अभिमानाने बोलले जाते. त्या किल्ल्यात आज शाळा भरते, आणि इंग्रजांची छावणी जिथे होती त्या भागाला आजही कॅम्प म्हणतात. पण वेढा संपला म्हणजे इंग्रजांचे खानदेशातले युद्ध संपले, अशी आपली समजूत असेल तर ती चुकीची आहे. किल्ले घेण्याचे काम काही महिन्यांत आटोपले. डोंगर घ्यायला त्यांना पुढची चाळीस वर्षे लागली.

भिल्ल हे काही इंग्रज आल्यावर अचानक 'उपद्रवी' झालेले लोक नव्हते. खानदेशात आणि सातमाळ्याच्या डोंगरांत गावाची जागल, घाटाची चौकी, वाटसरूची रखवाली ही त्यांची पिढीजात कामे होती. त्याबद्दल त्यांना गावाकडून धान्याचे आणि पैशाचे हक्क मिळत. हे हक्क बहुतांशी वहिवाटीवर चालत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लुटालूट, होळकर-शिंद्यांच्या फौजांची ये-जा आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ यांनी मुलूख उजाड झाला. गावे ओस पडली तिथे हक्क कोण देणार? हक्क बुडाले आणि भिल्ल डोंगरात गेले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भिल्लांवरचे अत्याचार इंग्रजांपासून सुरू झालेले नाहीत. पेशवाईच्या शेवटच्या काळात बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराने भिल्लांना कोपरगावी दग्याने बोलावून त्यांची कत्तल केली, विहिरींत ढकलून मारले, अशी नोंद गॅझेटियरात आहे. मारलेल्यांचे आकडे हजारांत दिले आहेत. त्रिंबकजी डेंगळ्याच्या काळातल्या कत्तलींचीही नोंद आहे. हे आकडे जसेच्या तसे घ्यायचे की नाही, हा प्रश्न आहे. आधीच्या राज्याचा जुलूम जितका ठळक रंगवावा तितके आपले राज्य दयाळू दिसते, हे इंग्रज लेखकांना चांगले ठाऊक होते. म्हणून आकड्याबद्दल सावध राहावे, पण घटना झाकू नये. आपल्याला सोयीचा तेवढाच जुलूम मोजायचा, हे इतिहासाचे काम नव्हे.

१८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज खानदेशचा पोलिटिकल एजंट म्हणून आला. डोंगरांत नाईकांच्या हाताखाली पाच हजारांवर माणसे आहेत, असा कंपनीचा अंदाज होता. ब्रिग्जने पायथ्याला फौजेच्या तुकड्या बसवून डोंगरात जाणारे धान्य अडवले. शरण येईल त्याला पेन्शन, न येईल त्याला फाशी किंवा गोळी, असा एकूण हिशेब होता. तरी बंड शमेना. १८२५ साली मालेगावशेजारच्या बागलाणात मुल्हेरचा किल्ला उठावकऱ्यांनी घेतला. तो परत घ्यायला गेलेला तरुण अधिकारी म्हणजे जेम्स औट्रम.

याच औट्रमकडे त्या वर्षी नवे काम सोपवले गेले. भिल्लांना मारण्यापेक्षा भिल्लांचीच पलटण उभी करावी, असे एल्फिन्स्टनच्या सरकारने ठरवले. धरणगावला भिल्ल कोअरचे ठाणे झाले. कन्नडला आणि इतरत्र भिल्ल एजन्सी झाल्या, शेतीसाठी जमीन, बैल आणि तगाई दिली गेली. इंग्रजी पुस्तकांतून औट्रमची हकीकत मोठ्या कौतुकाने येते: तो भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात नि:शस्त्र राहिला, त्यांचा विश्वास जिंकला. त्यात खोटे फारसे नसेल. पण या कौतुकाच्या आड एक गोष्ट झाकली जाते. भिल्ल कोअरचे पहिले काम भिल्लांनाच पकडून आणणे हे होते. भावाने भावाला धरून द्यावे आणि सरकारने त्याला शांतता म्हणावे, असा तो बंदोबस्त होता.

आता सेंधव्याच्या घाटाकडे येऊ. या घाटाची चौकी खाज्या नाईकाकडे होती. १८३१ पासून सुमारे वीस वर्षे त्याने सरकारची नोकरी केली. १८५१ साली एका कैद्याच्या मृत्यूवरून त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. मुदतीआधी सुटून तो पुन्हा कामावर आला, पण १८५७ साली तो आणि भीमा नाईक सरकारविरुद्ध उठले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आग्रा रोडवरून जाणारा सात लाख रुपयांचा सरकारी खजिना त्यांनी घाटात लुटला. ज्या रस्त्याची रखवाली केली, त्याच रस्त्यावर त्याने सरकारला अडवले.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला मोठी लढाई झाली. दोन्ही बाजूंची माणसे पडली. खाज्याचा मुलगा मारला गेला. शेकडो बायका कैद झाल्या. पकडलेल्या पुरुषांना जागच्या जागी लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांना गोळ्या घातल्या गेल्या. हाती सापडलेल्या निःशस्त्र माणसांना असे मारणे याला आज काय म्हणतात, ते सांगायला नको. भीमा नाईक पुढे १८६७ मध्ये पकडला गेला, अंदमानला गेला आणि तिथेच १८७६ मध्ये वारला.

आंबापाणीच्या हकीकतीत आम्हाला थांबवणारी एक गोष्ट आहे. भिल्लांच्या बाजूने त्या दिवशी मक्राणी लढत होते. मक्राणी म्हणजे बलुचिस्तानच्या मक्रानकडून आलेले मुस्लिम शिपाई. हे वाचून आपल्याला बरे वाटते. सातपुड्यात भिल्ल आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून लढले असे भाषण त्यावर सहज करता येईल. मग त्याच दप्तराचे पुढचे पान वाचावे लागते. १८६० साली खाज्या नाईकाला दग्याने मारणारा जमादारही मक्राणीच होता.

असेच पेठ संस्थानाचे. तिथल्या राजघराण्याने मुघल काळात इस्लाम स्वीकारला होता. डिसेंबर १८५७ मध्ये भिल्ल-कोळ्यांनी हरसूलचा बाजार लुटला, पेठवर चाल केली. त्यांना चिथावल्याच्या आरोपावरून गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव फासावर गेले. त्याच संस्थानची बेगम इंग्रजांच्या मर्जीत पेन्शनवर राहिली. आणि सिन्नरकडे भागोजी नाईक होता. तोही आधी सरकारी पोलिसातला माणूस. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळच्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला, आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरच्या लढाईत भागोजी पडला. त्याच्या मागावर सरकारने खास कोळ्यांची पलटण उभी केली होती. १८२५ चाच धडा पुन्हा गिरवला गेला.

तात्पर्य, आपली माणसे दोन्ही बाजूंना होती. सगळे मुसलमान शहीद नव्हते, सगळे गद्दारही नव्हते. पगारासाठी लढणारे होते, इमानाने मरणारे होते, दगा देणारेही होते. आपण फक्त पहिले पान वाचून दाखवणार असू तर इंग्रज लेखकांत आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

दूरच्या एका देशाकडे पाहिले तर आपला प्रश्न अधिक स्पष्ट होतो. ऑस्ट्रेलियात इंग्रज वसाहतवाल्यांनी आदिवासींच्या जमिनी घेतल्या आणि दीडशे वर्षांत ठिकठिकाणी त्यांच्या कत्तली केल्या. तिथेही आदिवासी तरुणांचीच 'नेटिव्ह पोलिस' नावाची दले उभारून दुसऱ्या आदिवासींवर सोडली होती. पुढे शाळेच्या पुस्तकांतून हे सगळे गळाले. १९६८ साली स्टॅनर या मानववंशशास्त्रज्ञाने आपल्या आकाशवाणी व्याख्यानांत या विस्मरणाला नाव दिले: ऑस्ट्रेलियाचे महामौन. त्यानंतर संशोधक कामाला लागले. न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन या इतिहासकार बाईंनी २०१७ पासून कत्तलींच्या जागांचा नकाशाच प्रसिद्ध केला. सहा किंवा अधिक निराधार माणसे मारली गेली असतील तर ती कत्तल, अशी व्याख्या ठरवली, प्रत्येक जागेचा पुरावा तपासला, आणि चारशेहून अधिक जागा नोंदवल्या.

तिथल्या मायाल क्रीक या ठिकाणी १८३८ च्या जूनमध्ये किमान अठ्ठावीस निरपराध आदिवासींना मारले होते. बायका, मुले, म्हातारी माणसे. त्याबद्दल सात गोऱ्यांना फाशी झाली. गोऱ्यांना अशी शिक्षा होणे फार विरळा. २००० साली तिथे स्मारक झाले. मेलेल्यांचे वंशज आणि मारणाऱ्यांचे वंशज त्या दिवशी एकत्र उभे राहिले. मारणाऱ्यांच्या नातवंडांनी येऊन 'हे आमच्या माणसांनी केले' असे कबूल करणे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. नुसती दया दाखवणे सोपे असते. आपल्या बाजूचे सांगणे अवघड असते.

खानदेशची गोष्ट अगदी तशीच नाही. इथे परदेशी शेतकरी येऊन वसले नाहीत. इथे जमीन गेली ती महसुलात, सावकारीत आणि १८७८ च्या जंगल कायद्यात. आणि आपल्या देशातही कबुली अगदीच झालेली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला हे शब्द संसदेनेच लिहिले आहेत. मार्च २०१८ मध्ये त्याच कायद्याप्रमाणे जमिनीचे पट्टे मागायला हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले. तेही आग्रा रोडनेच. म्हणजे हा विषय जुन्या दप्तरात मिटून गेलेला नाही.

मग मुस्लिम मराठी लेखकांनी यात का पडावे? पहिले कारण असे की आदिवासी म्हणजे आपल्याहून कुणी वेगळे, ही समजूतच चूक आहे. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला तडवी भिल्ल राहतात. ते भिल्ल आहेत आणि मुसलमानही आहेत. आपल्याकडचे शहरी लोक त्यांना 'कच्चे मुसलमान' म्हणून हिणवतात, त्यांच्या लग्नातल्या चालीरीती मोजतात, कलमा येतो का विचारतात. त्यांच्या आजा-पणजांनी १८२५ मध्ये आणि १८५७ मध्ये काय पाहिले, हे आपण कधी विचारले आहे का? आपल्या संमेलनांतून मुस्लिम मराठी साहित्याची व्याख्या करताना आपण कोकणी, दखनी, मोमीन, अत्तार, बागवान, तांबोळी सगळे मोजतो. डोंगराच्या पायथ्याचा मुसलमान मोजताना आपली बोटे थांबतात.

दुसरे कारण मालेगावच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. सरकारी कागदात एकदा नाव गुन्हेगार म्हणून पडले की ते पुसायला किती वर्षे लागतात, हे या गावाने भोगले आहे. २००६ च्या स्फोटांनंतर पकडलेल्या आमच्या गावच्या तरुणांना न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. दहा वर्षे त्यांच्या घरांवर तो शिक्का होता. भिल्लांवरचा शिक्का दोनशे वर्षांचा आहे. ज्यांनी शिक्क्याचे दु:ख भोगले, त्यांनी दुसऱ्यावरचा शिक्का आपल्या घरातल्या हकीकतीत जपून ठेवू नये.

तिसरे कारण असे की आम्हाला आठवण ठेवता येते. १९२१ च्या खिलाफत चळवळीत मालेगावात दंगल झाली. त्यात एक पोलिस अधिकारीही मारला गेला, हे आपण नाकारत नाही. त्याबद्दल १९२२ मध्ये आमची माणसे येरवड्यात फासावर गेली. गावाने त्यांची यादगार उभी केली आणि त्यांची नावे मुलांना शिकवली. इंग्रजांच्या कागदात ते दंगेखोर होते, आम्ही त्यांना शहीद म्हटले. हाच न्याय आंबापाणीला लावायला काय हरकत आहे?

कामे फार मोठी नाहीत. मालेगाव, धुळे, जळगाव, नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या आपल्या मुलामुलींनी गॅझेटियराची पाने मराठीत आणि उर्दूत आणावीत, पण 'लुटारू' हा शब्द भाषांतरात बिनदिक्कत उतरवू नये. मोडी वाचता येणाऱ्यांना हाताशी धरावे. मुंबईच्या पुराभिलेखागारात खानदेशच्या एजंटांचा पत्रव्यवहार आहे. तो वाचताना कोणाची संख्या लिहिली, कोणाची नावे लिहिली आणि कोणाची लिहिलीच नाहीत, इकडे लक्ष द्यावे. शरण आलेल्यांची पेन्शन लिहिली असेल तर न आलेल्यांचे काय झाले, हे विचारावे. तडवी आणि भिल्ल वस्त्यांत म्हाताऱ्या माणसांपाशी बसावे. गाण्यांतून आणि गावदेवाच्या ओट्यांतून जे राहिले असेल ते त्यांच्याच बोलीत टिपावे आणि त्यांच्याच नावाने छापावे. सापडलेली गोष्ट आपल्या बाजूची नसली तरी छापावी.

आणि एक काम घरातले आहे. त्याला ना अनुदान लागते, ना विद्यापीठ. आपल्या मुलांना आग्रा रोडची हकीकत सांगताना बनारस सांगावे, नर्मदा सांगावी, वाटेत दफन केलेली मुले सांगावीत. सातपुड्याशी आलो की थोडे थांबावे. 'इथे घाटाची रखवाली भिल्लांकडे होती. आपले लोक आले त्या वर्षांत ते आपल्या मुलखासाठी लढत होते. त्यांच्या बाजूने आपल्यातले काही लढले, आणि त्यांच्या नाईकाला मारणाराही आपल्यातलाच होता.' एवढी चार वाक्ये त्या जुन्या हकीकतीत घातली की ती पुरी होईल. आमच्या बुजुर्गांनी ती अर्धी सांगितली, कारण त्यांना स्वत:चेच दु:ख फार होते. आम्हाला तेवढी सबब नाही.